फ्लोराइड मोजणाऱ्या स्फटिकाची गोष्ट

वाशिम जिल्ह्यातील एका शिक्षक शिबिरात आम्ही एकाच कूपनलिकेचे पाणी दोनदा तपासले. सकाळी फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.४ मिलिग्रॅम आले, दुपारी १.६. पाणी तेच, बाटली तीच, उपकरणही तेच. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त फ्लोराइड नसावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालते. म्हणजे सकाळच्या आकड्याने कूपनलिका कशीबशी उत्तीर्ण होत होती, दुपारच्या आकड्याने नापास. एका शिक्षिकेने विचारले, "गावाला काय सांगायचे?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तर उपकरणाचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

फ्लोराइड जास्त झाले की मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे तेच पाणी पोटात गेले तर हाडे व सांधे ताठरतात. भारतात या विकाराची नोंद १९३७ साली तेव्हाच्या मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागातून झाली. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेड जिल्ह्यांतील काही गावे त्यासाठी ओळखली जातात. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा यवतमाळला लागूनच आहे. खडकावरून फ्लोराइडचा अंदाज बांधता येतो, पण प्रत्येक कूपनलिकेचा आकडा मोजूनच कळतो.

पूर्वी ही मोजणी रंगावरून होई. झिर्कोनियम आणि रंगद्रव्य यांच्या संयुगातून फ्लोराइड झिर्कोनियम ओढून घेते व रंग फिका पडतो. पण पाण्यातील अॅल्युमिनियम, फॉस्फेट, क्लोरीन यांनीही रंगात फरक पडतो. त्यामुळे अचूक उत्तर हवे तर आधी ऊर्ध्वपातन करावे लागे.

दुसरी वाट विजेची होती. द्रावणातील आयनांचे प्रमाण आणि विद्युत विभव यांचा संबंध वाल्टर नेर्न्स्टने १८८९ साली मांडला. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेची द्रावणे ठेवली की विभवांतर निर्माण होते, हे माक्स क्रेमरला १९०६ साली आढळले. १९०९ साली फ्रिट्झ हाबर आणि क्लेमेन्सिएविच यांनी त्यावरून काचेचे विद्युतअग्र तयार केले. आज शाळा-महाविद्यालयांत पीएच मोजतो, तो याच्याच वंशजाने. मात्र फ्लोराइड ओळखणारा पडदा मिळायला १९६६ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक वापरला. त्यात किंचित युरोपियम मिसळले की स्फटिकातून फ्लोराइड आयन सरकू शकतात. इतर बहुतेक आयनांना तिथे वाव नसतो. हायड्रॉक्साइड आयन तेवढे लुडबुड करतात.

येथे नेर्न्स्टचा हिशेब आठवू. २५ अंश सेल्सिअसला फ्लोराइड दहापट झाले तर विभव सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते. म्हणजे एका मिलिव्होल्टची चूक ही उत्तरात जवळजवळ चार टक्क्यांची चूक. आमच्या १.४ आणि १.६ मध्ये अंतर होते ते जेमतेम साडेतीन मिलिव्होल्टचे! ४० अंशांना हेच ५९ चे ६२ होतात. आम्ही प्रमाण द्रावणे सकाळी गारव्यात मोजली होती आणि दुपारचा नमुना पत्र्याखाली तापल्यावर. चूक उपकरणाची नव्हती, आमची होती.

दुसरा सापळा अधिक फसवा आहे. विद्युतअग्राला फक्त मोकळे फ्लोराइड आयन दिसतात. अॅल्युमिनियमने धरून ठेवलेले दिसत नाहीत. नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना घालून फ्लोराइड कमी करतात. तुरटीतले थोडे अॅल्युमिनियम पाण्यात उरले, तर विद्युतअग्र फ्लोराइड आहे त्यापेक्षा कमी दाखवील आणि पाणी शुद्ध झाल्याचा आपला समज होईल. यावरचा उपायही फ्रँट व रॉस यांनीच १९६८ साली सुचवला. नमुना आणि प्रमाण द्रावण या दोहोंत एकच उभयप्रतिरोधी द्रावण सारख्या प्रमाणात मिसळायचे. त्यातील मीठ आयनांची एकूण गर्दी सारखी करते, अॅसेटिक आम्ल व अॅसेटेट पीएच पाच-साडेपाचच्या आसपास राखून हायड्रॉक्साइडला दूर ठेवतात आणि सायट्रेट किंवा सीडीटीएसारखा पदार्थ अॅल्युमिनियमला पकडून फ्लोराइडला मोकळे करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही सर्व बाटल्या एकाच बादलीभर पाण्यात तासभर ठेवल्या. चुंबकीय ढवळणीची उष्णता लागू नये म्हणून खाली थर्माकोलचा तुकडा सरकवला. नमुन्याच्या आधी आणि नंतर १ व २ मिलिग्रॅमची प्रमाण द्रावणे मोजली. मग नमुन्यात मोजून थोडे फ्लोराइड घातले आणि तेवढीच वाढ उत्तरात दिसते का, तेही पाहिले. वाढ बरोबर दिसली. तीन वेळच्या मोजणीत उत्तर १.५ च्या आगेमागेच राहिले.

मग गावाला काय सांगितले? दुसरा चांगला स्रोत मिळेपर्यंत लहान मुलांना हे पाणी देऊ नका, आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजू. विद्यार्थ्यांना मात्र आणखी एक गोष्ट सांगावी. उपकरणाच्या पडद्यावर दिसते ते मिलिव्होल्ट. त्याचे मिलिग्रॅम होतात ते आपल्या काळजीने.