दूध कोणी नेले?

लेकी बोले, सुने लागे. आपल्या घरांतली ही युक्ती राजकीय कथेतही फार जुनी आहे. पंचतंत्राच्या पहिल्याच तंत्रात पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची दोस्ती दमनक कोल्हा मोडतो, कारण राजाजवळची गेलेली जागा त्याला परत हवी असते. आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फाने ही कथा पहलवीतून अरबीत नेली. दमनकाचा सोबती करटक आणि स्वतः दमनक तिथे कलीला आणि दिम्ना झाले, आणि खलिफांच्या राज्यातही राजाचे कान भरण्याची ती गोष्ट कोणाला परकी वाटली नाही.

जनावरांच्या आडून राजकारण सांगणाऱ्या अशा कथांकडे नव्याने येणाऱ्या वाचकाच्या हाती बहुधा आधी एक यादी पडते. ‘अ‍ॅनिमल फार्म’मधला नेपोलियन डुक्कर म्हणजे स्टालिन, स्नोबॉल म्हणजे ट्रॉट्स्की, पवनचक्की म्हणजे पंचवार्षिक योजना. यादी बरोबरच आहे. पण तिच्यावर थांबले, की पात्रे ओळखली जातात आणि कथा वाचायची राहून जाते. म्हणून माझी विनंती आहे: आधी जनावराकडे जनावर म्हणून पाहावे.

‘अ‍ॅनिमल फार्म’ लिहिणाऱ्या जॉर्ज ऑरवेलने तसे पाहिले होते. वॉलिंग्टन या खेड्यात तो कोंबड्या आणि शेळ्या पाळी. त्याच्या शेळीचे नाव म्युरिएल, आणि कादंबरीतल्या शेळीचेही तेच. १९४७च्या युक्रेनियन आवृत्तीसाठी लिहिताना त्याने या कथेचे बीज सांगितले आहे: दहाएक वर्षांचा एक पोरगा अरुंद वाटेवरून भल्यामोठ्या घोड्याला चाबूक मारत नेताना त्याला दिसला होता. त्यामुळेच या कथेतला पहिला अन्याय दुधाचा आहे. जनावरांनी मालकाविरुद्ध केलेल्या बंडाच्या दुसऱ्याच दिवशी बादल्या भरून काढलेले दूध संध्याकाळपर्यंत नाहीसे होते; ते डुकरांनी स्वतःसाठी ठेवलेले असते. कथेची कलाटणी तिथेच आहे, असे ऑरवेलने स्वतः एका पत्रात लिहिले. टी. एस. एलियटसारख्या जाणत्या वाचकालाही ती पुरेशी जाणवली नसावी. १९४४ साली प्रकाशक म्हणून पुस्तक नाकारताना त्याने सुचवले, की लोकहिताची अधिक चाड असलेली डुकरे हवी होती!

रशियन लेखक बुल्गाकोवही आधी जनावरच दाखवतो: त्याच्या ‘कुत्र्याचे काळीज’ची सुरुवात उकळत्या पाण्याने भाजलेल्या भटक्या कुत्र्याच्या विव्हळण्याने होते. १९२५ साली लिहिलेली ही कथा सोव्हिएत देशात छापली गेली १९८७ साली.

आपल्या जवळचे उदाहरण पेरुमाळ मुरुगन यांचे. आपल्या एका कादंबरीला झालेल्या विरोधामुळे लेखन थांबवल्याचे त्यांनी २०१५ साली जाहीर केले होते. पुढच्या वर्षी न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ‘पूनाची’ ही तमिळ कादंबरी आली. माणसांवर लिहायची भीती वाटते, गाय-डुकरावर लिहिण्याची सोय नाही, उरल्या शेळ्या-मेंढ्या, असे त्यांनी तिच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. त्या कादंबरीत करडांचे कान टोचून सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि त्यासाठी माणसे उन्हात तासन्‌तास रांग धरतात. हे कुठल्या राजवटीचे चित्र, हा प्रश्न वाचताना मला नंतर पडला. आधी कान दुखला.

‘अ‍ॅनिमल फार्म’ पुन्हा वाचणार असाल तर बॉक्सर घोड्याला गाडीतून नेतात त्या पानापासून सुरुवात करा. बाकीची जनावरे त्याला निरोप देत असतात. म्युरिएल गाडीवरची अक्षरे जुळवू लागते. बेंजामिन गाढव तिला बाजूला सारून मोठ्याने वाचते: गाडी घोडे कापणाऱ्याची आहे. मग आतून खुरांचे धपके ऐकू येतात, आणि हळूहळू मंदावत जातात.