वळिवड्याची छावणी आणि न बोललेले बालपण

पुण्याहून कोल्हापुरास जाणारी आगगाडी मिरज, हातकणंगले, रुकडी ही स्थानके मागे टाकून करवीरनगरीच्या वेशीशी येऊ लागली म्हणजे वळिवडे हे एक लहानसे स्थानक लागते. येथे उतरणारा उतारू बहुधा गांधीनगरच्या घाऊक कापडपेठेकडे निघालेला असतो. आणि ज्या जमिनीवर ही पेठ आज गजबजलेली आहे, तिच्यावर १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारे ५,००० पोलिश माणसांचे एक संपूर्ण गाव नांदत होते, त्या गावात बहुसंख्य वस्ती स्त्रियांची व मुलांची होती, तेथे पोलिश भाषेच्या शाळा, प्रार्थनामंदिर, इस्पितळ आणि बालवीरांची पथके होती, हे त्याच्या ध्यानी यावे अशी फारशी खूण आता तेथे उरलेली नाही.

या माणसांचा देश दोन्ही बाजूंनी गिळला गेला होता. १ सप्टेंबर १९३९ रोजी पश्चिमेकडून जर्मन फौजा आणि १७ सप्टेंबर रोजी पूर्वेकडून सोव्हिएत फौजा पोलंडात शिरल्या, आणि पूर्वेकडील मुलखात नवा अंमल बसताच रहिवाशांच्या याद्या तयार होऊ लागल्या. १० फेब्रुवारी १९४०च्या रात्री, कडाक्याच्या हिवाळ्यात, लष्करी सेवेबद्दल जमिनी मिळालेले शेतकरी व वनखात्याचे नोकर यांच्या दारांवर थापा पडल्या; हाताशी येईल ते बोचक्यात बांधण्यापुरता अवधी देऊन आबालवृद्धांना गुरांच्या वाघिणींत कोंडण्यात आले आणि अर्खांगेल्स्क व सैबेरियाच्या अरण्यांत लाकूडतोडीसाठी नेऊन सोडण्यात आले. त्याच वर्षीच्या एप्रिल व जून महिन्यांत आणि पुढे १९४१च्या उन्हाळ्यात अशाच आणखी तीन खेपा झाल्या. त्यांतील एप्रिलच्या खेपेत मुख्यतः आधीच कैद झालेल्या अधिकाऱ्यांची बायकामुले होती, आणि त्यांची रवानगी कझाकस्तानच्या ओसाड गवताळ प्रदेशात झाली. सोव्हिएत दप्तरांतून पुढे उजेडात आलेल्या आकड्यांप्रमाणे या चार खेपांत तीन लाखांहून अधिक माणसे हद्दपार झाली. त्यांतील किती मुले पहिल्याच हिवाळ्यात गेली हे सांगणारी नोंदवही कोणी ठेवली असेल असे वाटत नाही.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच स्वारी केली तेव्हा चित्र पालटले. ३० जुलै रोजी लंडनमधील पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात तह झाला, हद्दपारांना मोकळीक मिळाली, आणि जनरल आंडर्स यांच्या नव्या फौजेच्या आधाराने हे लोक दक्षिणेकडे सरकू लागले. १९४२ साली कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात जी सुमारे १,१५,००० माणसे उतरली, त्यांत सैनिकांबरोबर हजारो मुले होती. कित्येकांचे आईबाप वाटेतच गेले होते, आणि कित्येक मुले उपासाने इतकी खंगली होती की पोटभर अन्न मिळाल्यावर ते न सोसल्यामुळे दगावली. काही अनाथ मुले अश्काबादहून मशहदमार्गे मोटारींतून हिंदुस्थानात आली, आणि नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे त्यांना आश्रय दिला. पुढे इराणातून कराचीच्या तात्पुरत्या तळांवर जी कुटुंबे येऊ लागली, त्यांच्यासाठी कोल्हापूर संस्थानच्या हद्दीत, पंचगंगेच्या परिसरात, वळिवड्याची जागा मुक्रर झाली.

येथे एका गोष्टीचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण ती आमच्याकडील लोकप्रिय कथनात बहुधा गळून जाते. १९४० मध्ये छत्रपती राजाराम महाराज निवर्तल्यानंतर दत्तक म्हणून गादीवर आलेले शिवाजी महाराज, वळिवड्यात पोलिश कुटुंबे उतरू लागली तेव्हा, दोन वर्षांचेही झालेले नव्हते. संस्थानचा कारभार राजमाता ताराबाई यांच्या नावाने रिजन्सीमार्फत चालला होता, आणि छावणी अजून नांदती असतानाच, सप्टेंबर १९४६ मध्ये, तो बालराजाही वारला. कोल्हापूरच्या छत्रपतींनी पोलिश मुलांना आश्रय दिला असे आपण म्हणतो, तेव्हा ज्याच्या नावाची मोहोर त्या मुलखावर चालत होती तो स्वतः पाळण्यातून नुकताच उतरलेला एक मुलगा होता, हे ध्यानात ठेवणे मला आवश्यक वाटते.

छावणीचा बंदोबस्त चांगला होता. लांबच लांब बराकींत कुटुंबागणिक खोल्या, पोलिश शिक्षक, पोलिश पाद्री, हंगामाप्रमाणे सण आणि नाटके, अशक्त मुलांसाठी पाचगणीची हवा, आणि खर्चाचा भार बव्हंशी लंडनमधील पोलिश सरकारच्या खजिन्यावर. त्या मुलांनी मोठेपणी लिहिलेल्या आठवणींत वळिवडे हे सुखाचे स्थान म्हणून येते, आणि त्याविषयी शंका घेण्याचे मला काही कारण दिसत नाही. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात १९९८ साली उभारलेला स्मारकस्तंभ, सप्टेंबर २०१९ मध्ये वार्धक्यात पुन्हा कोल्हापुरास आलेले छावणीचे जुने रहिवासी, ऑगस्ट २०२४ मध्ये वॉर्साच्या कोल्हापूर स्मारकास भारताच्या पंतप्रधानांनी वाहिलेले पुष्पचक्र, ही सर्व त्या कृतज्ञतेची प्रकट रूपे आहेत. परंतु ही कथा मराठीत जेव्हा जेव्हा सांगितली जाते तेव्हा ती आपल्या औदार्याची कथा होते; पाहुणा कोणते दुःख घेऊन दारी आला होता याविषयी यजमान एक वाक्य बोलतो आणि आपल्या पंगतीच्या वर्णनाकडे वळतो. हे मला अपुरे वाटते, आणि या लेखाचे प्रयोजनही तेच आहे.

पुणे हे दप्तरांचे शहर आहे. पेशवे दप्तराचे रुमाल येथे आहेत, १९१० साली स्थापन झालेले भारत इतिहास संशोधक मंडळ येथे आहे, आणि कागद बोलतो तेवढेच खरे मानावे ही शिस्त येथील इतिहासकारांनी दोन-तीन पिढ्यांना लावली. त्या शिस्तीविषयी मला नितांत आदर आहे. तथापि छावणीच्या दप्तरात शिध्याचे प्रमाण, औषधांचा साठा, शाळेचा हजेरीपट एवढेच लागू शकते; पोटभर जेवण मिळू लागल्यानंतरही जे मूल पावाचा तुकडा उशाखाली लपवून निजे, त्याची भीती कोणत्या रकान्यात नोंदवावी? पहलवीपासून पुढच्या प्रत्येक मुक्कामावर मुलांची ही सवय मोठ्यांनी पाहिली होती, आणि त्यांतील काही मुलांनी ती ऐंशीव्या वर्षापर्यंत सोडली नाही असे त्यांच्या घरचे लोक सांगतात.

अशा नोंदीसाठी कागदाहून वेगळे साधन लागते, आणि योगायोग असा की तेही साधन पुण्यातच जतन झाले आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली, तिच्या शेजारी लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले, आणि पी. के. नायर यांनी तीन दशकांच्या आसपास तेथे देशोदेशींचे चित्रपट गोळा केले. सतीश बहादूर यांच्या रसास्वादाच्या व्याख्यानांवर वाढलेल्या पुणेकर प्रेक्षकाला युद्धकाळच्या बालपणावरील चित्रपट ही परकी गोष्ट राहिली नाही. तार्कोव्हस्कीचा १९६२ सालचा इव्हान, आईच्या व विहिरीच्या स्वप्नांतून जागा होऊन पुन्हा शत्रूच्या ठाण्यांची टेहळणी करण्यास निघणारा बारा वर्षांचा मुलगा. एलेम क्लिमोव्ह यांच्या १९८५ सालच्या 'कम अँड सी' मधला फ्लोर्या, ज्याचा चेहरा बेलोरशियातील जळणाऱ्या गावांतून फिरता फिरता काही दिवसांत म्हाताऱ्यासारखा होतो. क्लिमोव्ह स्वतः लहान असताना स्टालिनग्राडच्या आगीतून व्होल्गा ओलांडून गेले होते, आणि त्या चित्रपटानंतर त्यांनी दुसरा चित्रपट केला नाही.

परंतु वळिवड्याच्या अगदी निकट जाणारा चित्रपट आंद्रेय वायदा यांचा 'कातिन' हा आहे. वायदा १९२६ साली जन्मले. युद्ध सुरू झाले तेव्हा ते तेरा वर्षांचे होते, आणि त्यांची उमलती वर्षे राडोम शहरी जर्मन अंमलाखाली गेली. त्यांचे वडील याकुब वायदा हे पोलिश लष्करात कॅप्टन होते. सोव्हिएत कैदेत पडलेल्या ज्या सुमारे २२,००० पोलिश अधिकाऱ्यांना व नागरिकांना १९४०च्या वसंतात गोळ्या घालून पुरण्यात आले, त्यांत ते होते. १३ एप्रिल १९४३ रोजी जर्मन नभोवाणीने कातिनच्या अरण्यातील सामुदायिक थडग्यांची वार्ता दिली, मॉस्कोने तो दोष जर्मनांवर ढकलला, आणि पुढे जवळजवळ अर्धशतक, एप्रिल १९९० मध्ये सोव्हिएत राज्यकर्त्यांनी कबुली देईपर्यंत, पोलंडात या विषयावर खरे बोलणे हा अपराध ठरत होता. वायदा यांची आई पतीच्या परतण्याची आशा धरून राहिली आणि त्या आशेतच वारली. मुलाने चित्रपट केला तो २००७ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी. मध्ये त्याने जगभर कीर्ती मिळवून देणारे कितीतरी चित्रपट केले होते, पण घरच्या या जखमेपाशी पोहोचण्यास त्याला सहा तपांच्या आसपास काळ लागला.

या आईची गोष्ट पुणेकराला समजावून सांगावी लागत नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, परंतु पार्वतीबाईंनी ते मानले नाही. शनिवारवाड्यात त्या सौभाग्याची लेणी लेऊन वाट पाहत राहिल्या, भाऊंच्या नावाने एक तोतया उभा राहिला, त्याच्या चौकशीने पेशवाईचा कारभार कित्येक महिने ढवळून निघाला, आणि १७७६ साली त्याला देहान्त शासन झाल्यावरही पार्वतीबाईंची निष्ठा ढळली नाही. या प्रकरणाचे कागद विपुल आहेत. मात्र त्याच मोहिमेत बाजारबुणग्यांबरोबर गेलेली, गिलच्यांच्या हाती सापडून गुलाम म्हणून दूरदेशी नेली गेलेली जी मुले होती, त्यांच्या मनाचा एकही कागद आपल्याजवळ नाही. इतिहासाला थोरांची प्रतीक्षा ऐकू आली. लहानांचा हंबरडा त्याच्या कानापर्यंत पोहोचलाच नाही.

आता वळिवड्याच्या छावणीकडे या दृष्टीने पाहावे. कातिनची वार्ता १९४३च्या एप्रिलात आली आणि त्याच वर्षी ही छावणी भरू लागली. म्हणजे जे पती १९३९ पासून सोव्हिएत कैदेत बेपत्ता होते त्यांच्या बायका, अशी वार्ता कानी घेऊन, पंचगंगेकाठी आपल्या मुलांना बाराखडी शिकवीत होत्या. आईने मुलाला काय सांगितले असेल, आणि मुलाने आईला काय विचारले नसेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. बाहेर मुले पटांगणावर खेळत होती, आणि आत, त्याच बराकीत, मौन हाच कुटुंबाचा नियम झाला होता. अनु राधा यांच्या 'अ लिटल पोलंड इन इंडिया' या २०१३ सालच्या माहितीपटात बालाचडीला वाढलेले वृद्ध आपल्या आठवणी सांगतात. हिंदुस्थानाविषयी बोलताना त्यांचे शब्द मोकळे असतात. सैबेरियाकडे वळताना जे मध्येच थांबणे येते, ते लेखणीने टिपता येणारे नाही, कॅमेऱ्याने टिपता येते. इतिहासलेखनाने या थांबण्याला पुराव्याचा दर्जा दिला पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

५ जुलै १९४५ रोजी ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली, आणि वळिवड्यातील लोकांचे गाव नकाशावर नव्या सरहद्दींच्या पलीकडे, सोव्हिएत प्रदेशात, गेले. परत जावे तर कोठे, हा प्रश्न होता. थोडे लोक नव्या पोलंडात परतले, बहुतेक ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा व अमेरिका या देशांत पांगले, आणि १९४८ पर्यंत बराकी रिकाम्या झाल्या.

त्या फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वस्ती याच जागेवर झाली आणि तिला गांधीनगर हे नाव मिळाले, जसे पुण्याजवळ पिंपरीस सिंधी निर्वासितांची छावणी वसून पुढे तिचा बाजार झाला. पोलिश मुलांनी वळिवड्याला निरोप दिला आणि त्याच छपरांखाली कराची, हैदराबाद, शिकारपूर येथून आलेली मुले निजू लागली. त्यांच्याही उशाखाली काय होते, हे आपण विचारले नाही, कारण ती आपल्याच देशाची मुले होती आणि त्यांच्याबद्दल औदार्याची कथा सांगण्यास वाव नव्हता. १९४७ साली जे मूल दहा वर्षांचे होते ते आज नव्वदीच्या घरात आहे. पिंपरीत आणि गांधीनगरात अशी माणसे अजून आहेत. पुण्यात चित्रपट शिकवणारी संस्था आहे, विद्यापीठात इतिहासाचा विभाग आहे. या माणसांसमोर कॅमेरा ठेवून, त्यांच्या सिंधी भाषेत, त्यांना हवा तेवढा वेळ थांबू देऊन, त्यांची साक्ष नोंदवण्याची तजवीज याच वर्षी व्हावी.