खुर्द्याचा इतिहास

ग्रीक नाणी म्हटली की अथेन्सचे घुबड किंवा सिराक्यूजचा चार घोड्यांचा रथ डोळ्यांपुढे येतो. ही सारी चांदीची नाणी. संग्राहकांनी प्रायः मान दिला तो चांदीसोन्यालाच. कांस्याची नाणी झिजलेली, हिरवट, पुष्कळदा न वाचता येणारी. ती मागे पडली. ग्रीक नगरांचे रोजचे जगणे जाणायचे असेल, तर मात्र आपल्याला या खुर्द्याकडेच वळावे लागेल.

कांस्याच्या नाण्याचे मोल धातूत नसते, विश्वासात असते. अथेन्सला हे सहजी पचले नाही. इ.स.पू. पाचव्या शतकात कांस्याचे चलन वापरण्याचा सल्ला देणाऱ्या डायोनिसिअस या कवीला ‘खाल्कूस’, म्हणजे ‘कांस्याचा’, हे टोपणनावच चिकटले. पुढे इ.स.पू. ४१३मध्ये स्पार्टाने डेकेलियात ठाण मांडले, लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी बंद पडत गेल्या आणि अथेन्सवर चांदीचा मुलामा दिलेली हिणकस नाणी पाडण्याची वेळ आली. ‘बेडूक’ (इ.स.पू. ४०५) या नाटकात ॲरिस्टोफेनिसने जुन्या अस्सल नाण्यांना जुन्या सभ्य नागरिकांच्या, तर नव्या नाण्यांना नव्या पुढाऱ्यांच्या जागी बसवले. त्याच्याच, स्त्रिया राज्यकारभार हाती घेतात त्या नाटकात, एक जण द्राक्षे विकून, त्या काळच्या रीतीप्रमाणे गालात कांस्याची नाणी भरून, पीठ घ्यायला जातो. तोच दवंडी पिटते : कांस्य यापुढे चालणार नाही! प्रेक्षक हसले असतील. पण त्या हसण्याखाली बुडालेली कमाई आहे.

चौथ्या शतकात अथेन्सनेही कांस्य नियमितपणे पाडले. आठ खाल्कोईंचा एक ओबोल, सहा ओबोलांचा एक द्राख्मा. सेस्टॉस नगराच्या इ.स.पू. दुसऱ्या शतकातील शिलालेखात तर नगराने कांस्याची नाणी का पाडावी याची दोन कारणेच दिली आहेत : नगराचे चिन्ह चलनात राहावे आणि त्यातला नफा लोकांना मिळावा. अभिमान आणि हिशेब यांची इतकी मोकळी कबुली क्वचितच आढळते.

चांदी दूरवर फिरली. कांस्य बहुधा आपल्या नगराच्या आसपासच राहिले. हातातून निसटलेले नाणे शोधायला कोणी फारसे थांबले नाही, म्हणूनच ते जमिनीत उरले. १९३१पासून अथेन्सच्या अगोरात चाललेल्या उत्खननांत सापडलेल्या ग्रीक नाण्यांत बहुसंख्य कांस्याचीच आहेत. कोणत्या थरात, कोणत्या भांड्याशेजारी नाणे सापडले, यावरून घरांचे आणि विहिरींचे काळ ठरवता येतात.

येथेच संग्रहाचा प्रश्न उभा राहतो. १९३१मध्येच ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘सिलोगे नुम्मोरुम ग्रेकोरुम’ या मालेने खासगी संग्रहही अभ्यासकांना खुले केले. संग्राहकांचे हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु चोरून उकरलेले, चमकावे म्हणून घासलेले नाणे बाजारात येते तेव्हा त्याचा पृष्ठभाग जातोच, शिवाय त्याचा पत्ताही पुसला जातो. चांदीचे नाणे निदान धातूच्या भावाने तरी उरते. कांस्याचे खरे धन म्हणजे त्याची जागा. ती हरवली की हाती उरतो तो केवळ खुर्दा.