रेक्टिफायरची समांतर जोडणी

एका रेक्टिफायरची क्षमता भाराला पुरत नाही, किंवा तो बंद पडला तरी काम थांबवणे परवडत नाही, तेव्हा दोन वा अधिक रेक्टिफायर एकाच धन आणि ऋण बसबारला जोडून चालवतात. ॲल्युमिनियम व कॉस्टिक सोड्याचे कारखाने, इलेक्ट्रोप्लेटिंग आणि डीसी विजेवर धावणारी रेल्वे ही या जोडणीची मुख्य क्षेत्रे.

जोडणी सोपी असली तरी भाराची वाटणी आपोआप समान होत नाही. कोणी किती प्रवाह द्यायचा हे दोन गोष्टींवर ठरते: भार नसतानाचा दाब आणि भार वाढताना होणारी त्याची घट. समजा, सारख्या क्षमतेच्या दोन रेक्टिफायरचा दाब पूर्ण भारावर 5 टक्के उतरतो आणि त्यांच्या मूळ दाबांत 1 टक्क्याचा फरक आहे. मग एक पूर्ण भाराचे 1000 अँपिअर देत असताना दुसरा 800 देईल. हीच घट 1 टक्का असती, तर पहिल्यावर पूर्ण भार पडूनही दुसरा जवळजवळ रिकामाच राहिला असता. म्हणजे एकट्याने चालताना दाब स्थिर राखणे हा जो गुण, तोच जोडीत अडचणीचा ठरतो. रेक्टिफायरला वीज देणाऱ्या रोहित्राच्या अंगच्या प्रतिबाधेमुळे होणारी घट इथे उपयोगी पडते.

थायरिस्टरच्या संचांत हे काम नियंत्रकाकडे असते. एकच नियंत्रक दाब सांभाळतो आणि प्रत्येक संचाला प्रवाहाचा हिस्सा नेमून देतो. प्रत्येक संचाला स्वतंत्र व काटेकोर दाब-नियंत्रक दिले, तर ते एकमेकांविरुद्ध ओढतात.

संचाच्या आत समांतर जोडलेल्या डायोडांतही हाच प्रश्न असतो. सिलिकॉन डायोड तापला की त्याच्यावरचा दाब दर अंशाला सुमारे 2 मिलिव्होल्टने कमी होतो. त्यामुळे तो जास्त प्रवाह घेतो आणि आणखी तापतो. म्हणून डायोड जुळवून निवडतात आणि प्रत्येकाला स्वतंत्र फ्यूज देतात. हजारो अँपिअरच्या संचात बसबारची मांडणीही निर्णायक असते: प्रवाह ज्या टोकाला आत येतो त्याच टोकातून बाहेर काढला, तर जवळच्या शाखांवर जास्त बोजा पडतो. तो समोरच्या टोकातून काढल्यास सगळ्या वाटांची लांबी सारखी होते.

एका रोहित्राची दुय्यम गुंडाळी स्टार आणि दुसऱ्याची डेल्टा ठेवली, की दोन संचांत 30 अंशांचा फरक पडतो आणि पुरवठ्याच्या बाजूचे पाचवे व सातवे हार्मोनिक एकमेकांना रद्द करतात. दोघांचे सरासरी दाब सारखे असले तरी क्षणोक्षणीचे वेगळे असतात. म्हणून मध्ये इंटरफेज रिॲक्टर घालतात.

ॲल्युमिनियमच्या कारखान्यात साधारण 4 ते 4.5 व्होल्टच्या शेकडो भट्ट्या एकसरीत असतात. वीज काही तास गेली तर आतला वितळलेला द्रव गोठू लागतो. त्यामुळे एक संच बंद पडला तरी उरलेले पूर्ण प्रवाह देतील, अशी क्षमता राखून ठेवतात. एखाद्या संचाचे डायोड शॉर्ट झाले तर शेजारचे संच त्याच्यातच उलटा प्रवाह ओततात. हे रोखणारे संरक्षण हवेच.

मुंबईत 3 फेब्रुवारी 1925 रोजी सुरू झालेली 1500 व्होल्ट डीसीची लोकलसेवा 2016 पर्यंत टप्प्याटप्प्याने 25 किलोव्होल्ट एसीवर आली. डीसीच्या काळात मार्गावरची उपकेंद्रे एकाच ओव्हरहेड तारेला समांतर वीज देत. गाडीच्या जवळचे उपकेंद्र बहुधा जास्त भार उचले.

नवा संच जोडण्यापूर्वी ध्रुवता व भाराविना दाब तपासावा आणि नंतर पूर्ण भारावर प्रत्येक संचाचा प्रवाह वेगळा मोजावा. एकूण प्रवाहाच्या मीटरवर वाटणी दिसत नाही.