नाव चुकलं, बुरशी तीच होती

पाऊस लागला की आमच्या लासूर स्टेशनला उकिरड्यावर पहाटे राखाडी, केसाळ कुत्र्याच्या छत्र्या उगवतात आणि दुपारपर्यंत त्यांची काळी शाई होते. अशीच एक छत्री मी वहीत ‘कोप्रिनस लॅगोपस’ म्हणून नोंदवली. गाईडनी एवढंच विचारलं, “कशावरून?” उत्तर शोधताना कळलं, या नावानं भल्याभल्यांना चकवलंय.

दोन जाती आहेत. शेफर यांनी 1774 मध्ये वर्णन केलेली सिनेरिया, म्हणजे राखेच्या रंगाची. फ्रीस यांनी 1821 मध्ये नोंदवलेली लॅगोपस, म्हणजे सशाच्या पायासारखी. वरून दोघी सख्ख्या बहिणी. पण सिनेरिया शेणालिदीवर, शेणखतावर येते आणि तिच्या दांड्याचं टोक मुळासारखं खाली उतरतं. लॅगोपस जंगलातल्या पालापाचोळ्यावर, लाकडाच्या तुकड्यांवर येते.

कॅनडातल्या विनिपेगचे बुलर यांनी 1930 मध्ये ‘नेचर’मध्ये कवकजालातल्या जोडकेंद्रकांवर लिहिलं, ते ‘लॅगोपस’ या नावानं. त्यांची बुरशी मात्र घोड्याच्या लिदीवरची होती. पुढे जनुकशास्त्रज्ञांनी तेच नाव उचललं आणि 1960 च्या दशकातही शोधनिबंधांत ते छापलं जात होतं. 1970 च्या दशकात हा घोळ निस्तरला: प्रयोगांतली बुरशी सिनेरिया होती.

मग ते सगळे प्रयोग वाया गेले का? नाही. बुरशी कशावर वाढवली हे लिहून ठेवलं होतं, पुढच्या प्रयोगशाळांनी वाण जिवंत जपले होते. म्हणून नाव दुरुस्त करता आलं. 2001 मध्ये डीएनएच्या आधारे जुनी कोप्रिनस प्रजातीच फुटली आणि या दोघी ‘कोप्रिनॉप्सिस’मध्ये गेल्या. 2010 मध्ये सिनेरियाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तो योग्य नावानं.

माझ्या वहीत मात्र नुसतं नाव होतं. कशावर उगवली, ते नाही; दांडा उकरून पाहिलेला नाही; नमुना तर शाई होऊन गेला. माझी चूक कुणालाच दुरुस्त करता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, फिल्डवर जाताना खुरपं न्या. आधार लिहा, फोटो घ्या, छत्री विरघळायच्या आत वाळवा, बीजाणू मोजा. पुण्याच्या आघारकर संस्थेत अजरेकर कवक-संग्रहालय आहे. असे वाळवलेले नमुने तिथे जपले जातात. नाव उद्या बदलेलही. नमुना असेल तर तुमचं काम टिकेल.