फिरंगी, ग्रिंगो आणि घाटी

आमच्या टीममध्ये परदेशी क्लायंटला एकच शब्द आहे, 'गोरे'. 'आज गोऱ्यांचा कॉल आहे रे, लवकर जेवून घे.' गंमत म्हणजे त्या गोऱ्यांतला एकजण मूळचा नायजेरियाचा आहे. तोही आमच्या लेखी गोराच! तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय, की परक्यांसाठीचे हे शब्द येतात तरी कुठून?

आपला 'फिरंगी'च घ्या. फ्रँक नावाच्या जर्मन टोळ्या होत्या, त्यांच्यावरूनच फ्रान्सला नाव मिळालं. अरबांनी पश्चिम युरोपातल्या सगळ्यांनाच 'फरंज' म्हणायला सुरुवात केली. १०९५ नंतरच्या धर्मयुद्धांत तर समोर येणारा प्रत्येकजण फरंज. फारसीतून हा शब्द आपल्याकडे आला आणि १४९८ मध्ये कालिकतला उतरलेल्या पोर्तुगीजांना चिकटला. खरी मजा पुढेच आहे. जुन्या मराठी कागदपत्रांत फिरंगी म्हणजे बहुधा पोर्तुगीज, डच म्हणजे वलंदेज, डेन म्हणजे डिंगमार, आणि ज्यांच्यावरून हा शब्द आला ते फ्रेंच? ते 'फरासीस'. म्हणजे मूळ मालकच यादीतून बाहेर! युरोपी पात्याची तलवार 'फिरंग', आणि सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यक ग्रंथात गुप्तरोगाचं नाव 'फिरंग रोग'. थाई भाषेत आजही गोरा माणूस 'फरांग', आणि पेरूसुद्धा 'फरांग'.

दुसरा प्रकार म्हणजे, ज्याची भाषा कळत नाही तो परका. ग्रीकांना इतरांचं बोलणं 'बर्-बर्' ऐकू यायचं, त्यातून 'बार्बेरियन' आला. रशियनमध्ये जर्मन माणूस 'नेमेत्स'. हा शब्द 'मुका' या अर्थाच्या मूळ शब्दावरून आलाय. गोएथेच्या देशाला मुक्यांचा देश म्हणायचं म्हणजे कमालच! पण हसू नका, दक्षिणेकडची भाषा कानावर पडली की आपण तिला 'यंडुगुंडू' म्हणतोच की.

लॅटिन अमेरिकेतला 'ग्रिंगो' याच घरातला असावा. १८४६-४८ च्या युद्धात अमेरिकन सैनिकांचे हिरवे गणवेश बघून मेक्सिकन लोक 'ग्रीन, गो!' ओरडले, अशी एक गोष्ट फॉरवर्ड होत फिरत असते. गोष्ट झकास आहे, पण खोटी. १७८७ च्या स्पॅनिश शब्दकोशात हा शब्द आधीच हजर आहे, अडखळत स्पॅनिश बोलणाऱ्या परक्यांसाठी. तो बहुधा 'ग्रिएगो' म्हणजे 'ग्रीक' वरून आला. न कळणारं ते सगळं ग्रीक!

म्हणजे बघा, यातला एकही शब्द समोरच्याला विचारून ठेवलेला नाही. पहिल्यांदा जो भेटला त्याचं नाव सगळ्यांना, नाहीतर आपल्याला जे कळलं नाही ते त्याच्या नावावर. अगदी 'रीड-ओन्ली' फाईल, एकदा सेव्ह झाली की बदलत नाही. मद्रास राज्याचं नाव १९६९ मध्ये तामिळनाडू झालं, तरी आपल्या तोंडी केरळचा, आंध्रचा, कर्नाटकचा, सगळे 'मद्राशी'.

आणि 'भय्या'? अर्थ काय, तर भाऊ. यापेक्षा चांगला शब्द कुठून आणणार? पण २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली, तेव्हा हाच शब्द शिवीसारखा वापरला जात होता. तेव्हा 'अहो, मूळ अर्थ भाऊच आहे' हे व्युत्पत्तीशास्त्र मार खाणाऱ्याच्या काय कामाचं?

हे कळायला लांब जायला नको. 'घाटी' म्हणजे घाटावरचा, निव्वळ भूगोल. पण मुंबईच्या एखाद्या पॉश ऑफिसात किंवा गोव्याच्या बाजारात कुणी तो शब्द आपल्याला उद्देशून टाकला, की कानशिलं तापतात. तेव्हा आपण शब्दकोश उघडत नाही. म्हणणाऱ्याचा सूर आपल्याला बरोब्बर कळलेला असतो.

भय्यालाही तो कळतोच की!