टाळेबंदीची स्मृती : अलीगंजचा ‘बडा मंगल’ आणि मराठी प्लेगकथन

१

कोणतीही महामारी ओसरू लागली की तिच्या काळाविषयी दोन याद्या समाजमनात आकार घेऊ लागतात. ज्यांतून एकदाचे सुटलो असे वाटते अशा गोष्टींची एक, आणि ज्या पुन्हा वाट्याला येणार नाहीत म्हणून किंचित हुरहूर वाटते अशा गोष्टींची दुसरी. २५ मार्च २०२० रोजी देशभर लागू झालेल्या टाळेबंदीविषयीही हेच घडले. निवळलेले आकाश, रहदारी थांबल्यावर ऐकू येऊ लागलेली पाखरे, घरातल्या सर्वांचे एकत्र जेवण, २८ मार्चपासून दूरदर्शनवर पुन्हा दाखवली गेलेली ‘रामायण’ मालिका, कचेरीच्या प्रवासातून मिळालेली सुटका या गोष्टी हुरहुरीच्या यादीत आल्या. मुखपट्टी, सतत हात धुणे, दाराशी आलेल्या माणसाचे भय, एका भ्रमणध्वनीवर दोन-तीन मुलांची शाळा आणि आप्तांचे अंत्यदर्शन न मिळणे या गोष्टी सुटकेच्या यादीत गेल्या.

या याद्यांकडे निव्वळ भावनिक उद्गार म्हणून पाहणे पुरेसे नाही. त्या स्मृतीच्या रचना आहेत आणि प्रत्येक रचनेमागे रचणारा असतो. हुरहुरीच्या यादीतील बहुतेक नोंदी घराच्या आतून केलेल्या आहेत. खिडकी, गच्ची, स्वयंपाकघर आणि महिन्याच्या अखेरीस खात्यात जमा होणारे वेतन ही त्यांची गृहीतके होत. त्यातही घर सर्वांसाठी सारखे नव्हते. टाळेबंदीच्या काळात कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींत वाढ झाल्याचे राष्ट्रीय महिला आयोगाने नोंदवले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

खुद्द ‘टाळेबंदी’ या शब्दाचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. २०२०पूर्वी मराठीत हा शब्द प्रामुख्याने गिरण्या-कारखान्यांच्या संदर्भात येई. संप हे कामगारांचे शस्त्र, तर टाळेबंदी हे मालकाचे. हिंदीतील ‘तालाबंदी’ या शब्दाचा वापरही असाच होता. या जुन्या अर्थाने टाळे लागते तेव्हा माणूस दाराबाहेर राहतो. २०२०च्या नव्या अर्थाने तो दाराआड राहतो. प्रत्यक्षात २०२० साली दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरले. मध्यमवर्ग आत राहिला, श्रमिक बाहेर पडला. एका घटनेच्या दोन स्मृती का निर्माण झाल्या, याचे उत्तर या शब्दातच सापडते.

२

या दुभंगाचा विचार करण्यासाठी लखनौमधील अलीगंज हे स्थळ उपयुक्त ठरते. गोमतीच्या उत्तरेस असलेला हा भाग आज कपूरथला चौक, केंद्रीय भवन आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाढलेल्या वसाहतींसाठी ओळखला जात असला, तरी त्याची जुनी ओळख हनुमानाच्या मंदिरांची आहे. जुन्या मंदिराच्या स्थापनेचे श्रेय परंपरा नवाबी घराण्यातील एका बेगमेला देते. तिला आलिया बेगम म्हटले जाते आणि नवाब सआदत अली खान (कारकीर्द १७९८–१८१४) याच्याशी तिचे नाते जोडले जाते. मंदिराच्या शिखरावरील चंद्रकोर या कथेची खूण म्हणून दाखवली जाते. नव्या मंदिराची कथा केशराच्या व्यापाऱ्याची आहे. त्याचे न खपलेले केशर वाजिद अली शाहने घेतले आणि कृतज्ञतेपोटी व्यापाऱ्याने मंदिर उभारले, असे ती सांगते.

ज्येष्ठ महिन्यातील प्रत्येक मंगळवारी येथे ‘बडा मंगल’ साजरा होतो. उत्तरेतील पौर्णिमान्त गणनेमुळे हा ज्येष्ठ महाराष्ट्रातील वैशाख वद्य पक्षापासूनच सुरू होतो, म्हणजे उन्हाचा कडाका सर्वाधिक असतो तेव्हा. या दिवशी काही भाविक घरापासून मंदिरापर्यंत दंडवत घालत येतात. परंतु उत्सवाचे वैशिष्ट्य मंदिरापेक्षा रस्त्यावर अधिक दिसते. शहरभर मांडव पडतात आणि पुरी-भाजी, बुंदी, सरबत व थंड पाणी येणाऱ्या-जाणाऱ्यास दिले जाते. घेणाऱ्याला नाव, जात वा धर्म विचारला जात नाही, आणि देणाऱ्यांमध्ये मुसलमानही असतात.

या उत्सवाच्या उगमाविषयी अनेक दंतकथा आहेत. त्यांपैकी एकीनुसार परिसरात महामारी पसरली होती, मंदिरात प्रार्थना झाली, साथ ओसरली आणि कृतज्ञतेने जत्रा सुरू झाली. ही कथा ऐतिहासिक प्रमाण म्हणून स्वीकारण्याची गरज नाही. समाजाला साथीचा शेवट कशा रूपात लक्षात ठेवावासा वाटला हे ती सांगते, आणि येथे तेवढेच महत्त्वाचे आहे. या कथेत मृतांची संख्या नाही, रोगाचे नाव नाही, राजाज्ञा नाही. अनोळखी माणसाला उन्हात पाणी आणि अन्न देणे, एवढेच तिच्यातून उरले आहे.

२०२० साली बडा मंगलचे चार मंगळवार आले : १२, १९ व २६ मे आणि २ जून. धार्मिक स्थळे उघडण्याची मुभा ८ जूनपासून मिळाली. म्हणजे महामारीच्या शेवटाची स्मृती म्हणून सांगितला जाणारा उत्सव महामारीमुळेच पूर्णतः लुप्त झाला. २०२१ सालीही, दुसऱ्या लाटेच्या छायेत, तो नेहमीच्या रूपात होऊ शकला नाही. अलीगंजच्या रहिवाशाला या दोन वर्षांत कशाची उणीव भासली असेल, याचे उत्तर केवळ ‘दर्शनाची’ असे देता येणार नाही. दर्शन दूरदृश्य माध्यमातून घडू शकत होते. अनोळखी माणसाच्या हातातला द्रोण मात्र कोणत्याही पडद्यावरून घेता येत नव्हता.

३

मराठी वाङ्मयाला महामारीची स्मृती नवीन नाही; तिचे रूप मात्र वेगळे आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाला. पुढच्या काही महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती बाहेर गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा अमलात आला. हाच कायदा २०२० सालीही वापरला गेला. पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी सैनिकांकरवी घरांच्या झडत्या झाल्या आणि रुग्णांना व त्यांच्या आप्तांना छावण्यांत हलवण्यात आले. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडण्यात आली. दामोदर चाफेकरांनी कैदेत असताना लिहिलेले आत्मवृत्त, ना. गो. गोखल्यांच्या नव्हे तर गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावाशी जोडले गेलेले इंग्लंडमधील निवेदन व नंतरची क्षमायाचना, छावणीतील स्त्रियांच्या अवस्थेविषयी पंडिता रमाबाईंनी केलेली जाहीर तक्रार, हे सारे त्या वर्षाचे दस्तऐवज होत. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला, हेही त्याच इतिहासाचे दुसरे अंग.

प्लेगच्या मराठी स्मृतीत घर केंद्रस्थानी आहे, परंतु ते ओलांडले गेलेले घर आहे. उंबरठा ओलांडून आत येणारा सैनिक हा तिचा मुख्य प्रसंग. माणसे घरात कोंडली गेली नव्हती; ती घराबाहेर काढली गेली होती किंवा स्वतः निघाली होती. गावे रिकामी करून माळावर झोपड्या बांधून राहण्याची पद्धत त्या काळात रूढ झाली. तेथील उघड्या आकाशाखालच्या वास्तव्याची आठवण पुढे पुष्कळ घरांत सांगितली जात राहिली, आणि तिच्यात मुलांच्या वाट्याला आलेल्या मोकळेपणाचा अंशही असे. म्हणजे हुरहुरीची यादी प्लेगलाही होती. २०२०च्या नागराला बंद घरातील निवांतपणा आठवतो, १९००च्या सुमारास वाढलेल्या मुलाला माळरान आठवले असेल. दोन्ही ठिकाणी ज्याचा जीव वाचला आणि ज्याची भाकरी सुटली नाही, त्यालाच ही हुरहूर परवडली.

याउलट १९१८च्या इन्फ्लुएन्झाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतल्याचे अंदाज आहेत. मराठीत या साथीला ‘मानमोडी’ असे बोलके नाव मिळाले, परंतु प्लेगच्या तुलनेत तिचा वाङ्मयीन ठसा अत्यंत पुसट आहे. मृत्यूंची संख्या आणि स्मृतीची तीव्रता यांचे प्रमाण सरळ नसते, हे यावरून दिसते. प्लेगच्या वेळी शासन दारात आले होते; मानमोडीत कोणीच आले नाही. ज्याच्यावर आरोप ठेवता येतो त्याची कथा होते. ज्याच्यावर आरोप ठेवता येत नाही ते मरण बहुधा कुटुंबापुरतेच उरते.

अवधच्या परिसरातील वाङ्मयाने या मौनाला एक मोठा अपवाद दिला आहे. निराला यांच्या ‘कुल्ली भाट’ (१९३९) या कृतीत डलमऊ येथील गंगेत साचलेल्या प्रेतांचे आणि पत्नीसह आप्तांच्या मृत्यूचे चित्र येते. मे २०२१मध्ये बक्सर व गाझीपूर येथे गंगेत प्रेते तरंगताना आढळली, तेव्हा हिंदी वाचकांना ही कृती पुन्हा आठवणे स्वाभाविक होते. त्याआधीच्या महिन्यात लखनौच्या भैंसाकुंड स्मशानाभोवती पत्रे उभारण्यात आले होते. जळणाऱ्या चितांची संख्या बाहेरून दिसू नये अशी व्यवस्था झाली की स्मृतीचे काम वाङ्मयाकडे येते. सुटकेच्या यादीत ‘अंत्यदर्शन न मिळणे’ ही एक ओळ असते; तिच्या मागे हा सारा इतिहास उभा आहे.

राजिंदर सिंह बेदी यांची ‘क्वारंटीन’ ही उर्दू कथा येथे तुलनेसाठी महत्त्वाची ठरते. प्लेगपेक्षा विलगीकरणाचे भय अधिक, हे तिचे सूत्र. परंतु तिचा खरा भेदक भाग म्हणजे साथ संपल्यावर सत्कार डॉक्टरचा होतो आणि जिवावर उदार होऊन राबलेला सफाई कामगार भागू अंधारातच राहतो. साथीनंतरचे श्रेय आणि साथीनंतरची स्मृती यांचे वाटप कसे होते, याचे हे अचूक निदान आहे. २०२० साली रूढ झालेल्या ‘सामाजिक अंतर’ या शब्दप्रयोगाकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. ज्या समाजात अंतर राखणे हा शतकानुशतके जातीचा व्यवहार होता, तेथे हा शब्द निर्मळ राहू शकत नव्हता. म्हणूनच ‘शारीरिक अंतर’ म्हणावे, असा आग्रह धरला गेला.

४

महाराष्ट्र आणि लखनौ यांना टाळेबंदीच्या इतिहासात जोडणारी एक घटना विशेष लक्षणीय आहे. १ मे २०२० रोजी जाहीर झालेल्या पहिल्या सहा श्रमिक विशेष गाड्यांमध्ये नाशिक–लखनौ ही गाडी होती. २ मे रोजी नाशिक रोडहून आठशेहून अधिक प्रवासी घेऊन ती निघाली आणि ३ मे रोजी चारबाग स्थानकात पोहोचली. तिच्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी बडा मंगलचा पहिला मंगळवार होता. ज्या शहरात एरवी वाटसरूला थांबवून जेवू घातले जाई, त्या शहरात वाटसरू आले तेव्हा अलीगंजचे मांडव नव्हते.

ज्यांना गाडी मिळाली नाही ते चालत राहिले. ८ मे २०२० रोजी औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांचा मालगाडीखाली मृत्यू झाला. जालन्याहून भुसावळच्या दिशेने चालत निघालेले हे मजूर मध्य प्रदेशातील होते. त्याच वर्षी आषाढी एकादशीला (१ जुलै) पालख्यांची पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. ज्या महाराष्ट्रात पायी चालणे ही भक्तीची परमोच्च रीत मानली जाते, तेथे त्या वर्षी श्रद्धेने चालणाऱ्यांना थांबावे लागले आणि थांबू इच्छिणाऱ्यांना चालावे लागले. वारकऱ्याला वारी चुकल्याची हळहळ वाटली. त्या हळहळीला शब्द होते, अभंगपरंपरेचे अधिष्ठान होते. मजुराच्या चालण्याला मात्र कोणतीही यादी लाभली नाही.

५

या तुलनेतून मराठी स्मृती आरोपाची आणि अलीगंजची स्मृती अन्नदानाची, असा सोपा भेद करणे चुकीचे ठरेल. महाराष्ट्रातही पटकीची स्मृती मरीआईच्या गाड्यात, पोतराजाच्या आसुडात आणि गावाच्या वेशीवरील ठाण्यात विधिरूपाने टिकली आहे; आणि अवधच्या शेजारी कानपुरात एप्रिल १९०० मध्ये प्लेगच्या छावणीविरुद्ध दंगल झाली होती. दोन्ही प्रदेशांत दोन्ही प्रकारच्या स्मृती नांदतात. फरक त्यांच्या वाहकांत आहे. आरोपाची स्मृती लिहिणारा वर्ग जपतो, विधीची स्मृती बहुधा न लिहिणारा समाज जपतो. पहिलीत अन्याय करणाऱ्याचे नाव टिकते, दुसरीत वाचल्याची कृतज्ञता टिकते. मृतांची नावे मात्र दोन्हींत हरवण्याचा धोका असतो.

१७ मे २०२२ रोजी दोन वर्षांच्या खंडानंतर बडा मंगलचे मांडव लखनौत पुन्हा पडले. त्याच वर्षी पालख्या पुन्हा पायी निघाल्या. लोकांना खऱ्या अर्थाने कशाची उणीव जाणवली होती, याची साक्ष हुरहुरीच्या याद्यांपेक्षा या परतलेल्या गर्दीने अधिक स्पष्टपणे दिली. टाळेबंदीतील निवांतपणाची आठवण काहींना होत राहील. परंतु संधी मिळताच बहुसंख्य लोक अनोळखी माणसांच्या दाटीतच परत गेले.

तौलनिक अभ्यासापुढे यातून एक काम उभे राहते. टाळेबंदीचे वाङ्मय म्हणून केवळ रोजनिशा, ललित लेख व कविता गोळा केल्या, तर घराच्या आतल्यांचाच इतिहास हाती लागेल. नाशिकहून लखनौला गेलेल्या माणसांनी तो प्रवास घरी गेल्यावर अवधी, भोजपुरी वा हिंदीत सांगितला असेल. त्या कथनात नाशिकचे कारखाने, बांधकामे आणि खोल्यांची भाडी असतील, म्हणजे ते महाराष्ट्राचेही कथन आहे. ते मराठीत नाही, एवढ्याच कारणाने मराठीच्या अभ्यासकाने त्याकडे पाठ फिरवणे योग्य ठरणार नाही. ही कथने सांगणारी माणसे हयात आहेत. मानमोडीच्या बाबतीत जी वेळ निघून गेली, ती या बाबतीत अद्याप हातात आहे.